जुन्या येझदीचे असली फोर्क

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदीचे नाव परतले, पण गाडी वेगळी. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारागीर बांधवांना जुन्या गाडीचे असली पुढचे फोर्क मुंबईच्या चोर बाजारासारख्या जुन्या मालाच्या बाजारातच शोधावे लागतात.

पाइप सपाट काचेवर फिरवावा. डुगडुगला तर वाकलेला समजावा. ऑइल सील घासते तिथे गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही तेल गाळते. असा पाइप घासून हार्ड क्रोम चढवता येतो, पण गिऱ्हाइकाला तसे सांगावे. आम्ही कापडवाले थानातला डाग आधी दाखवतो, तसेच हे. ब्रेक दाबताच भार पुढच्या फोर्कवर येतो. इथे ऐब लपवून कमावलेला पैसा हलाल कसा होईल?