मोजक्या रेषांतला माणूस

छायाचित्र जसेच्या तसे गिरवले की व्हेक्टर व्यक्तिचित्रात सारे तपशील उतरतात, माणूस मात्र हरवतो. म्हणून आधी त्याच्या ओळखीची खूण हेरावी लागते. महात्मा गांधींचेच पाहा. गोल चष्मा, तुळतुळीत डोके, बाहेर आलेले कान, मिशी. एवढे साधले की डोळे नसले तरी चालते. कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी तर २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात केवळ चष्माच ठेवला आणि गांधीजी ओळखू आले! संगणक अशा आकृत्या बिंदू आणि वक्ररेषांच्या गणिताने साठवतो. त्यामुळे चित्र टपाल तिकिटाएवढे असो वा भिंतीएवढे, कडा स्वच्छच राहतात. मात्र अनावश्यक बिंदू वाढले की रेषा खडबडीत होते. एका कानाला तीन-चार बिंदू पुरतात.