मेमरी कार्ड झिजते कशाने?

कापड बाजारात आता बहुतेक दुकानांत कॅमेरा दिसतो. लहान दुकानदार वेगळा रेकॉर्डर घेत नाही. मेमरी कार्ड बसणारा कॅमेरा गल्ल्याच्या वर लावून मोकळा होतो. कार्ड मिळेल ते, स्वस्तातले. वर्ष-दीड वर्ष निभते. मग एखाद्या दिवशी तागे मोजणीत कमी भरतात, चित्रण पाहायला जावे तर तीन आठवड्यांपासून नोंदच नाही! कॅमेऱ्याचा दिवा मात्र रोज जळत होता.

“कार्ड डुप्लिकेट निघाले,” असे आमचे व्यापारी बंधू म्हणतात. डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे खरे. पण पुष्कळदा कार्ड अस्सल असते आणि कामाने झिजलेले असते.

कार्डाच्या पोटात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत विजेचा भार कोंडून माहिती साठवली जाते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही विद्या काढली. एसडी कार्ड १९९९ साली आले. लिहिताना आणि पुसताना हा भार एका अतिशय पातळ पडद्यातून आरपार न्यावा लागतो व दर खेपेस पडदा किंचित खराब होतो. नुसते पाहण्याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. वहीचे पान वाचून फाटत नाही, खोडरबराने फाटते, तसेच हे. जुन्या महागड्या कार्डांतला कप्पा लाखभर वेळा पुसला तरी टिके. आजच्या स्वस्त कार्डात एकाच कप्प्यात तिप्पट माहिती कोंबतात. तो साधारण हजारभर वेळा टिकतो, हलक्या मालात त्याहूनही कमी.

आता हिशेब पाहा. साधारण प्रतीचे चित्रण करणारा कॅमेरा तासाला सुमारे ९०० एमबी लिहितो, म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस जीबी. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि जुने पुसून पुन्हा लिहिणे सुरू होते. वर्षाला सुमारे १२० फेऱ्या झाल्या. चित्र अधिक स्पष्ट ठेवले तर दुप्पट. आतल्या आत माहिती हलवताना कार्डाला आणखी लिहावे लागते, ते वेगळेच. उलट जो व्यापारी मोबाइलवर रोज शंभर नमुन्यांचे फोटो काढतो, त्याचे तेवढेच कार्ड भरायला सहा-सात महिने लागतात. त्याचे कार्ड झिजून मरत नाही. ते मरते फोटो उतरत असतानाच उपसून काढल्याने, किंवा उन्हात उभ्या टेम्पोत मोबाइल तापल्याने.

कार्डातला नियंत्रक शहाणा असतो. लुंगी उलटसुलट नेसली की एकाच जागी विरत नाही; तसा तो लिखाणाची जागा फिरवत राहतो. म्हणून कॅमेऱ्याला ६४ ऐवजी १२८ जीबीचे कार्ड घातले तर फेऱ्या निम्म्या होतात. शिवाय कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली कार्डे वेगळी मिळतात. थोडी महाग आहेत, पण आमच्या मते तिथे काटकसर नको. साध्या कार्डाची हमी नीट वाचावी. सतत चित्रणासाठी वापरल्यास हमी लागू नाही, असे पुष्कळ कंपन्या लिहितात.

एम्ब्रॉयडरीवाल्या कारागिरांच्या पेन ड्राइव्हमध्येही हीच मेमरी असते. तिथे झीज फार नाही, धोका निराळा आहे. वर्षानुवर्षे खणात पडून राहिली की कप्प्यांतला भार हळूहळू पाझरतो, उष्णतेत अधिक लवकर. डिझाइनची एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक दुसरीकडे असावी.

कॅमेऱ्याचे कार्ड मरण्याआधी ओरडत नाही. काही कार्डे शेवटी नवे लिहिणे बंद करतात व जुनेच दाखवत राहतात. तेव्हा दर आठवड्याला गल्ला बंद करताना आदल्या दिवसाचे चित्रण मिनिटभर लावून पाहावे. तारीख कालची दिसली नाही, तर कार्ड त्याच दिवशी बदलावे.