शिफारसपत्र मिळालं, पण उस्तादांचा शुक्रिया अदा केला का?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली अनेक मुलं नीट किंवा एमएचटी-सीईटीच्या मार्कांवर प्रवेश घेतात. तिथं कुणाची चिठ्ठी लागत नाही. म्हणून शिफारसपत्र ही गोष्ट आपल्या घरांत अजून नवीनच आहे. पण मुलगी परदेशी विद्यापीठात मास्टर्सला अर्ज करते, मुलगा पीएच.डी.साठी किंवा ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरतो, तेव्हा शिक्षकांची पत्रं मागितली जातात. बहुधा दोन, कधी तीन.

आधी एक गैरसमज दूर करू या. आपल्याकडे 'शिफारस' म्हटलं की वशिला आठवतो. हे पत्र म्हणजे वशिला नाही, ती शहादत आहे. या विद्यार्थ्याला मी वर्गात पाहिलं, त्याचं काम तपासलं, तो असा आहे, अशी साक्ष शिक्षक आपल्या नावानिशी देतात. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हे पत्र विद्यार्थ्याच्या हाती येत नाही, शिक्षक ते थेट विद्यापीठाकडे पाठवतात. 'पत्र मीच लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा' असं म्हणणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी आपलेच शब्द घालणं. हे टाळावं.

चांगलं पत्र लिहायला वेळ जातो. जुने प्रोजेक्ट आठवावे लागतात, इंग्रजीत नीट मांडावं लागतं, प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. अहेरी-सिरोंचाकडे नेटवर्कची वाट पाहावी लागते ती वेगळीच. या कामाचा मोबदला शिक्षकांना मिळत नाही.

अशा एका शब्दाने काय होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भीमराव आंबेडकरांचं कॉलेजचं शिक्षण पैशाअभावी अडलं, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बाबासाहेब हे विसरले नाहीत. 1925 साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ त्यांनी शिक्षणातल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांना अर्पण केला. ज्यांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यांच्या वाटचालीत एका शिक्षकाची शिफारस होती, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

दीनची शिकवणही हीच आहे. जो माणसांचे आभार मानत नाही त्याचा अल्लाहचा शुक्रही अपुरा राहतो, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. भल्यासाठी शिफारस करणाऱ्याला त्या भल्यात वाटा मिळतो, हे सूरह निसा सांगते.

मग शुक्रिया कसा अदा करावा?

पत्र मागतानाच अदब ठेवा. किमान तीन-चार आठवडे आधी विचारा. मार्कशीट, केलेल्या कामाची यादी आणि अंतिम तारखा एका कागदावर द्या. सरांनी नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नका. खोटी साक्ष देण्यापेक्षा नकार बरा.

पत्र गेलं की दोन दिवसांत स्वतःच्या हातानं चार ओळी लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फुलांचा फोटो पुरेसा नाही. असं काही लिहिता येईल: 'आदरणीय सर, माझ्यासाठी आपण वेळ काढून तीन विद्यापीठांना पत्रं पाठवलीत. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत माझं चुकलं होतं, तेव्हा आपण ते पुन्हा करायला लावलंत, तिथूनच मला या विषयाची गोडी लागली. निकाल काहीही लागो, आपल्याला कळवीन. मनापासून धन्यवाद.' उस्ताद मुस्लिम असतील तर जज़ाकल्लाहु खैरन लिहा. नसतील तर त्यांना कळेल अशा शब्दांत आभार माना आणि नमाजनंतर त्यांच्यासाठी दुआ करा.

पैसे, घड्याळ, मोबाईल असं काही देऊ नका. पत्राआधी तर काहीच नको, नाहीतर साक्षीवर डाग लागतो. सरकारी सेवेतल्या शिक्षकांना 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांचं बंधनही असतं. जकात गोळा करायला पाठवलेल्या माणसाने लोकांनी दिलेली भेट स्वतःकडे ठेवली, तेव्हा नबी करीम (सल्ल.) यांनी त्याला कडक शब्दांत फटकारलं होतं, ही हदीस बुखारीत आहे. ईदला शिक्षकांना घरी शिरखुर्म्याला बोलवा, त्यात प्रेम आहे.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: निकाल कळवा. प्रवेश मिळाला तरी, नाही मिळाला तरी. अनेक शिक्षकांना आपल्या पत्राचं पुढं काय झालं हे कधीच कळत नाही.

वालिदैननीही एक फोन करावा. छोट्या गावात असं पत्र लिहू शकणारे शिक्षक एक-दोनच असतात. उद्या त्याच मोहल्ल्यातली दुसरी मुलगी त्यांच्या दारात जाईल. आपण आज कसे वागलो, यावर तिचं स्वागत ठरेल.