चलान भरावे की लढावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल किंवा स्कूटर असेल. काहींचे अब्बा रिक्षा चालवत असतील. एखाद्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर संदेश येतो : ‘आपल्या वाहनाने वाहतुकीचा नियम मोडला आहे. दंड भरावा.’ हेच ई-चलान. संदेश बहुधा घरातील शिकणाऱ्या मुलालाच वाचून दाखवावा लागतो. वाचून झाल्यावर सारे घर विचारते, “आता काय करायचे? पैसे भरायचे की कोर्टात जायचे?” या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, हे आज आपण पाहू.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मागे एकदा सिग्नलपाशी थांबताना माझी मोटारसायकल पांढऱ्या रेषेच्या पुढे गेली. दोन दिवसांनी चलान आले. मला फार राग आला. “दिवा पिवळा होता, मी हे प्रकरण कोर्टात नेणार,” असे मी घरी मोठ्या आवाजात सांगितले. माझी पत्नी शांतपणे म्हणाली, “आधी फोटो तर बघा.” चलानासोबत फोटो असतो, हे रागाच्या भरात मी विसरलोच होतो. फोटो उघडला. दिवा स्पष्ट लाल होता आणि माझे पुढचे चाक रेषेच्या पलीकडे होते. मी त्याच रात्री दंड भरला. लढण्याची माझी इच्छा सत्यासाठी नव्हती, ती अभिमानासाठी होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी, आमच्या गल्लीतील एक चाचा माझ्याकडे आले. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. चाचा लूमवर काम करतात. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात शिकतो. दोघांचेही चेहरे उतरलेले होते. शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका शहरात हेल्मेटशिवाय वाहन चालवल्याबद्दल चाचांच्या नावे चलान आले होते. दंडाची रक्कम त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. चाचा म्हणाले, “मास्टर, सगळे सांगतात, भरून टाका आणि मोकळे व्हा. पण मी त्या दिवशी लूमवर होतो. मी तिथे गेलोच नाही, तर गुन्हा कसा कबूल करू?”

अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. प्रश्नांचा क्रम मात्र बदलू नये.

पहिला प्रश्न : माझ्याकडून खरोखर चूक झाली आहे का? हा प्रश्न कोर्टाने विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारायचा असतो. चूक झाली असेल तर दंड भरावा, हाच सरळ मार्ग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे काही गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. रक्कम भरली की पुढे खटला चालत नाही. परंतु ‘मी तो गुन्हा केलाच नव्हता’ असे सांगण्याची संधीही मग उरत नाही. म्हणून घाईने पैसे भरणे हेही नेहमी शहाणपणाचे नसते.

दुसरा प्रश्न : पुरावा काय सांगतो? चलानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि वाहनाचा क्रमांक असतो. तो फोटोशी ताडून पाहावा. क्रमांक आपलाच आहे का? वाहन आपलेच आहे का? रंग कोणता आहे? स्कूटर विकलेली असेल, तर खरेदीदाराच्या नावावर नोंद झाली आहे का? विक्रीनंतर नोंद बदलून घेतली नाही, तर चलान जुन्या मालकाकडेच येते. कॅमेऱ्याने नोंदवलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यानुसार अशा यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते. ह्या गोष्टीही तपासाव्यात.

आम्ही चाचांच्या चलानाचा फोटो उघडला. फोटोत पांढरी स्कूटर होती आणि तिच्यावर एक तरुण बसला होता. चाचांची गाडी काळी मोटारसायकल. क्रमांकाच्या पाटीवर चिखल उडालेला होता. नीट पाहिल्यावर चाचांच्या मुलाच्या लक्षात आले, की पाटीवरील एक आकडा ३ आहे. तो ८ असा वाचला गेला आहे. “अब्बा, हा आपला नंबरच नाही!” तो ओरडला. चाचांनी दीर्घ श्वास सोडला.

तिसरा प्रश्न : लढायला किती खर्च येईल आणि न लढल्यास काय गमवावे लागेल? खटला साधारणपणे जिथे गुन्हा घडला असे म्हटले जाते, तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणजे चाचांना दूरच्या शहरात जावे लागले असते. एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडणार, शिवाय एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे. एका तारखेत काम झाले नाही, तर पुन्हा तेच. नुसता हिशेब पाहिला तर दंड भरणे स्वस्त होते. परंतु सगळे नुकसान रुपयांत मोजता येत नाही. हेल्मेट न घालण्याच्या गुन्ह्याला कायद्यात एक हजार रुपये दंड आहेच, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना बाळगण्यास अपात्र ठरवण्याची तरतूदही आहे. ज्याची रोजीरोटी परवान्यावर चालते, त्या रिक्षावाल्यासाठी दंडापेक्षा हे नुकसान फार मोठे. आणि न केलेला गुन्हा आपल्या नावावर चढतो, तो वेगळाच.

लढायचे ठरले, तरी पहिली पायरी कोर्टाची नसते. पहिली पायरी तक्रारीची. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर चलानाबद्दल तक्रार नोंदवता येते. चाचांच्या मुलाने घाईघाईत एक तक्रार आधीच पाठवली होती. तिच्यात एवढेच लिहिले होते : ‘हे चलान खोटे आहे.’ ती नामंजूर झाली होती. मी त्याला म्हणालो, “बेटा, तू राग पाठवलास, पुरावा पाठवला नाहीस.” मग आम्ही दुसरी तक्रार लिहिली. तिच्यासोबत मोटारसायकलचा फोटो, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि त्या दिवशी चाचा कामावर हजर होते असे कारखान्याच्या मालकाचे पत्र जोडले.

तक्रारीने काम झाले नाही, तर दोन मार्ग उरतात : लोकअदालत आणि न्यायालय. त्यांतील फरक लक्षात ठेवा. लोकअदालतीत समझोता होतो. चूक झाली आहे, पण रक्कम जड जाते, अशा माणसाला तिथे सोय होते. एकदा समझोता झाला की त्यावर अपील नसते. ज्याने चूक केलीच नाही, त्याने समझोता कशाचा करायचा? त्याने ‘मला गुन्हा कबूल नाही’ असे न्यायालयात सांगावे. तिथे गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

एक मार्ग मात्र कधीही धरू नये. तो म्हणजे गप्प बसणे. न्यायालयाचे समन्स आले आणि आपण गेलो नाही, तर वॉरंट निघू शकते. भरायचे असेल तर भरावे, लढायचे असेल तर लढावे. पण संदेश पुसून टाकल्याने चलान पुसले जात नाही.

कोर्टाच्या नावाने आपली माणसे घाबरतात. त्याचे एक कारण म्हणजे भाषा. परंतु जरा कान देऊन ऐका. फिर्याद, वकील, तक्रार, कैफियत, जामीन, दस्तऐवज, तारीख हे मराठी न्यायालयातले रोजचे शब्द आहेत, आणि ते तुमच्या उर्दूच्या पुस्तकातही आहेत. तुमचा ‘गुनाह’ मराठीत ‘गुन्हा’ होतो, ‘साबित’चे ‘शाबीत’ होते. ‘मुल्ज़िम’ला आरोपी म्हणतात, ‘गवाह’ला साक्षीदार आणि ‘जुर्माना’ला दंड. एवढे शब्द आले, की समन्सचा कागद परका वाटत नाही. चाचांची दुसरी तक्रार त्यांच्या मुलाने मराठीतच लिहिली. मी फक्त दोन चुका दुरुस्त केल्या.

तक्रार पाठवण्यापूर्वी मी चाचांना विचारले, “हीदेखील नामंजूर झाली तर?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर जाईन कोर्टात. मजुरी बुडाली तर बुडू दे. पोराने विचारले, अब्बा, तुम्ही न केलेल्या गुन्ह्याचे पैसे का भरले, तर मी काय सांगू?”

सुमारे तीन आठवड्यांनी उत्तर आले. चलान रद्द झाले होते. चाचांना कोर्टात जावे लागले नाही. त्या संध्याकाळी ते मुलासाठी एक हेल्मेट घेऊन आले. मुलगा अजून अठरा वर्षांचा नाही, त्यामुळे तो गाडी चालवत नाही. पण मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, हे चाचांना आता पक्के ठाऊक झाले आहे.

मित्रांनो, माझे चलान खरे होते म्हणून मी भरले. चाचांचे चलान चुकीचे होते म्हणून त्यांनी भरले नाही. दोघांनीही कायदाच पाळला. चूक असताना लढू नये, आणि चूक नसताना केवळ भीतीने मान खाली घालू नये. दोन्हींतला फरक ओळखायचा, तर आधी फोटो बघावा आणि मग आपल्या मनात डोकवावे.

स्वाध्याय

१. लेखकाने दंड लगेच का भरला?
२. पहिली तक्रार नामंजूर होण्याचे आणि दुसरी मंजूर होण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. लोकअदालत आणि न्यायालय यांतील फरक तीन वाक्यांत सांगा.
४. पाठात आलेल्या शब्दांपैकी उर्दूत व मराठीत सारखे असणारे पाच शब्द लिहून त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी चुकीचे चलान आले आहे अशी कल्पना करून तक्रारीचे पत्र लिहा. सोबत कोणते पुरावे जोडाल तेही लिहा.