बंदूक मागून का भरत नसत?

वसईच्या किल्ल्यावर सहल नेली, की मुले तटातील जंग्यांतून बाहेर डोकावतात आणि हमखास विचारतात, "एकदा बंदूक झाडली, की पुन्हा भरायला किती वेळ लागे?" प्रश्न इतिहासाच्या तासाचा वाटतो, पण त्याचे उत्तर आपल्याला पदार्थविज्ञानात शोधावे लागते.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने ती जिंकली आणि डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेने ती मराठ्यांकडून घेतली. या सुमारे अडीचशे वर्षांत शिपायांच्या हाती सर्वसाधारणपणे ठासणीचीच बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची, गजाने दोन्ही ठासायची, बाजूच्या कानाशी रंजक ठेवायची आणि ती जळत्या तोड्याने किंवा चकमकीने पेटवायची. सरावलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीनच बार काढू शके. पावसात तोडा विझे, रंजक भिजे. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीपेक्षा थोडी बारीक असे. त्यामुळे नेमही धड साधत नसे.

मग बंदूक मागून का भरत नसत? ही कल्पना नवी नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांवर 'बेर्सो' नावाच्या लहान तोफा असत. पेल्यासारखा दारूचा कोठा मागून बसवायचा आणि पाचर मारून घट्ट करायचा, अशी त्यांची रचना होती. अडचण एकच होती. दारू पेटताच निर्माण होणारा वायू सर्व दिशांना सारखाच दाब देतो. कोठा आणि नळी यांच्यामधील फटीतून तो मागे निसटे. गोळीचा जोर कमी होई आणि ज्वाळा तोफ डागणाऱ्याच्या अंगावर येई. त्यापेक्षा मागून पूर्ण बंद असलेली नळी बरी, असे शिपायांना वाटले तर नवल नाही.

ही कोंडी एकोणिसाव्या शतकात फुटली. १८०७ साली स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे पाऱ्याच्या फल्मिनेटची टोपी आली आणि रंजक गेली. प्रशियाने १८४१ साली मागून भरायची ड्रायझे बंदूक स्वीकारली. तिचे काडतूस कागदी असल्याने वायू थोडा निसटेच. तरीही १८६६ च्या युद्धात प्रशियाचे सैनिक आडवे पडून बंदूक भरत होते, तर ऑस्ट्रियाच्या सैनिकांना ठासण्यासाठी उभे राहावे लागत होते. आपल्याकडे १८५७ मध्ये गाजलेली एनफिल्ड बंदूकही ठासणीचीच होती. १८६६ पासून इंग्रजांनी त्याच बंदुकांचा मागचा भाग कापून तेथे स्नायडरची झडप बसवली.

खरा उपाय ठरला तो पितळी काडतुसाचा. बार होताच पातळ पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि फट बुजते. दाब ओसरला, की पितळ किंचित आक्रसते आणि काडतूस बाहेर काढता येते. म्हणजे जो दाब वायूला बाहेर ढकलत होता, तोच आता त्याची वाट अडवू लागला.

हे तत्त्व वर्गात दाखवायला बंदूक नको, सायकलचा पंप पुरे. पंपातील चामड्याची वाटी काढून मुलांना दाखवावी. दांडा दाबताना हवा त्या वाटीची कड भिंतीवर दाबते; जितका दाब जास्त, तितकी ती घट्ट बसते. दांडा ओढताना कड सैल होते. वाटी सुकून कडक झाली, की पंप हवा धरत नाही. मग तिला तेल लावून पुन्हा पाहावे.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. सोरा, गंधक आणि कोळसा कुटून दारू गावात करता येई. शिशाची गोळीही घरी ओतता येई. पितळी काडतुसाला मात्र कारखानाच हवा. असा सरकारी कारखाना १८६९ साली पुण्याजवळ खडकीला निघाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीवर परवान्याचे बंधन आले, पण परवाना असणारालाही आता काडतुसांसाठी कारखान्याकडेच पाहावे लागले.

मागून भरण्याची कल्पना तीनशे वर्षे तयार होती. ती अडून राहिली होती एका फटीपाशी.