खेळून भाकर भेटते का, ताई?

बचत गटाची महिन्याची बैठक संपली होती. हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, बाया उठून चपला शोधू लागल्या. एक वहिनी मात्र दाराशीच घुटमळत उभ्या. काहीतरी बोलायचं होतं, पण चारचौघींत नको होतं.

"ताई, माह्या पोरीले तुमीच समजावून सांगा. नववीत गेली अन् शाळेत फुटबॉल खेळते. आता म्हणते अमरावतीले जायचं, विभागाच्या मॅचीसाठी. दोन दिवस! माह्यं त ऐकतच नाही."

"खेळते कशी?"

"सर म्हणतात चांगली खेळते. पुढं राहून गोल मारते म्हणे. पण ताई, खेळून काय भाकर भेटते का?"

समजावते, असा शब्द देऊन मी घरी आले. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही वहिनींचंच पटलं होतं. घरी दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन सोंगणीच्या मजुरीवर दिवाळी. पोरीनं बारावी करावी, नर्सिंगला जावं, पायावर उभं राहावं. त्यात हे फुटबॉल कुठून आलं? आपल्या वाशीमकडं खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती, नाहीतर गल्लीतलं क्रिकेट. फुटबॉल म्हटलं की २०२२ सालचा 'झुंड' आठवतो, त्यातला अमिताभ आणि नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं आठवतात. बस्स.

रात्री पोळ्या करता करता मुलाची प्रश्नोत्तरं घेत होते. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुस्तकात एक प्रश्न आला, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? उत्तर : नेव्हिल डिसोझा, भारत, १९५६.

"भारत? फुटबॉलमध्ये?" माझी पोळी तव्यावर करपली.

"आई, ते पाठ करायचं असतं. विचारायचं नसतं," चिरंजीव म्हणाले.

पण मला राहवेना. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत पदक आणणारे खाशाबा जाधव आपल्या लेकरांना ठाऊक असतात. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आपल्याच मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या पोरानं एवढा पराक्रम केला आणि मी बी.ए. झालेली बाई, मला त्याचं नावही माहीत नसावं? मग जे मिळेल ते वाचत सुटले.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि पोटापाण्यासाठी कितीतरी गोवेकर कुटुंबं मुंबईची वाट धरायची. नेव्हिल खेळला, मोठा झाला तो मुंबईतच. त्याचा भाऊ डेरेक, तोही पुढे भारताकडून खेळला. १९५४ साली मुंबईनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, तेव्हा नेव्हिल त्या संघात होता.

खेळायचा कुठल्या जागेवर? आपल्या वहिनींच्या पोरीच्याच. अगदी पुढे, समोरच्यांच्या गोलापाशी. याला स्ट्रायकर म्हणतात. मला ही जागा लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखी वाटते. मागे दहाजणी चुलीपाशी घामाघूम होतात, पण शेवटचा घास ताटात पडतो तो वाढणाऱ्याच्या हातून. नाव होतं ते त्याचं. आणि हातून बुंदीचं ताट सांडलं, तर शिव्याही त्यालाच!

१९५६ चं ऑलिम्पिक ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला होतं. आधीचे दोन अनुभव आपल्यासाठी काही बरे नव्हते. १९४८ ला लंडनमध्ये आपली बरीच पोरं अनवाणी खेळली आणि फ्रान्सकडून २-१ नं हरली. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं तर १०-१ असा धुव्वा उडवला. मेलबर्नला मात्र सगळ्यांच्या पायात बूट होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. २०२४ मध्ये अजय देवगणचा 'मैदान' आला, तो यांच्यावरचाच.

पहिला सामना हंगेरीशी होता, पण तिकडे देशातच उठाव आणि रणगाडे, त्यामुळे त्यांचा संघ आलाच नाही. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, त्यांचंच मैदान, त्यांचेच प्रेक्षक. तारीख १ डिसेंबर.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. त्यांनी बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. मध्यंतराच्या जरा आधी त्यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतर झालं आणि पन्नासाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा नेव्हिल! एकाच सामन्यात एकानेच तीन, हीच ती हॅट्‌ट्रिक. शेवटी किट्टू नावाच्या खेळाडूनं चौथा मारला आणि भारत ४-२ नं जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेलेला आशियातला पहिला देश म्हणजे आपला.

तीनच दिवसांनी पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा. पूर्वार्धात कुणाचाच गोल नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो आपला, आणि मारला कुणी? नेव्हिलनंच. दोन-चार मिनिटं का होईना, भारत पुढे होता. मग मात्र ते सुटले आणि ४-१ नं जिंकले. कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी झालेला सामना आपण ३-० नं हरलो. चौथा नंबर. सगळ्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल, तिघांचे होते. एक बल्गेरियाचा, एक युगोस्लाव्हियाचा आणि तिसरा आपला नेव्हिल. त्यानंतर आजपर्यंत भारत तिथवर पोचलेला नाही. १९६० च्या रोमनंतर तर आपला पुरुषांचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला गेलेलाच नाही, आणि मुलींना अजून तिथलं दार उघडायचंच आहे.

एवढं वाचून मी हरखून गेले. पण वहिनींचा प्रश्न वेगळाच होता की! भाकरीचं काय?

तर त्याचंही उत्तर याच गोष्टीत सापडलं. त्या काळी मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे, रेल्वेचे स्वतःचे संघ असायचे. खेळण्याचा असा वेगळा पगार नव्हता. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला नोकरीवर घ्यायची आणि तो तिच्या संघातून खेळायचा. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, पुढे कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातून. १९५८ साली कॅलटेक्सनं मुंबईचा नावाजलेला रोव्हर्स कप जिंकला, त्या संघात तो होता. म्हणजे त्याचे गोल आपल्याला दिसतात, पण त्या गोलांखाली एक महिन्याचा पगार होता. घर चालतंय म्हटल्यावर पाय मोकळे राहतात, हे तुम्हा-आम्हा बायकांना कुणी वेगळं सांगायला नको.

आता मुलींकडे वळते, कारण आपल्याला पोरीचं ठरवायचं होतं. आपल्याकडे मुलींच्या फुटबॉलची देशपातळीवरची संघटना १९७५ साली झाली आणि १९८० मध्ये आपल्या मुली आशियाई स्पर्धेत थेट उपविजेत्या! शांती मलिक ही तेव्हाची आघाडीची खेळाडू. १९८३ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधली ती पहिली बाई. आणि अलीकडची बाला देवी. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली, जन्म १९९० चा. लहानपणी गावातल्या मुलांसोबतच खेळायची. पंधराव्या वर्षी देशाच्या संघात आली. तीही स्ट्रायकर. २०१८-१९ च्या मुलींच्या राष्ट्रीय लीगमध्ये तिनं २६ गोल मारले, तेही कोणत्या संघाकडून? मणिपूर पोलिसांच्या. कारण तिला पोलिसात नोकरी होती!

जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स या जुन्या क्लबनं तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. परदेशी क्लबाचा असा व्यावसायिक करार मिळालेली ती पहिली भारतीय बाई. तिथं गेली, तोच कोरोना आला. सगळे सामने बंद, परका देश, थंडी. पहिला गोल झाला तो डिसेंबरात. पुढे गुडघ्यानं दगा दिला. बरी होऊन ती परत मैदानात उतरली आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय गोलांचं अर्धशतकही पूर्ण केलं. तेव्हा वय चौतीस. आपल्याकडे त्या वयात बाईला कुणी 'जरा पळून दाखव' म्हटलं तर आपण हसू.

हे सगळं डोक्यात घेऊन मी वहिनींकडे गेले. पोरीला समजवायला निघाले होते आणि समजावत बसले आईला! पोरगी दाराआड उभी राहून ऐकत होती. पायात कॅनव्हासचे बूट, एकाचा तळवा दोऱ्यानं शिवलेला. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर बूट टिकणार तरी किती? पावसात चिखल, उन्हाळ्यात पाय अडकतील एवढ्या भेगा.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "त्या नेव्हिलले मंग सरकारनं काय देलं?"

मी गप्प. काय सांगणार? अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाला, त्याच्याच संघातल्या पी. के. बॅनर्जींना तो पहिल्याच वर्षी मिळाला, पण नेव्हिलचं नाव त्या यादीत कुठंच नाही. मार्च १९८० मध्ये तो गेला, वय अवघं सत्तेचाळीस. वहिनींपासून हे लपवलं नाही. त्यांना भुलवून पोरीला पाठवायचं नव्हतं मला.

"पण नोकरी त होती नं त्याले?"

"होती."

"अन् त्या मणिपूरवालीले?"

"तिला पण. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे वहिनी. मात्र नुसतं खेळून मिळत नाही, वरच्या पातळीवर खेळावं लागतं, सर्टिफिकेट लागतं. अमरावतीला गेल्याशिवाय पुढचं दार कसं उघडणार?"

वहिनी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग खऱ्या अडचणी बाहेर आल्या. त्या भाकरीच्या नव्हत्याच. मुलींसोबत बाईमाणूस कोण? रात्री निजायचं कुठं? मधेच पाळी आली तर पोर कुणाला सांगेल? आणि ती हाफ चड्डी! जाऊबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल? आपल्या किती पोरींचा खेळ नववी-दहावीत असा थांबतो, पायातली ताकद न संपता. सुटण्यासारख्याच अडचणी या, पण त्या मोठ्यानं बोलायला कुणी बसतच नाही.

बाईमाणूस म्हणून मीच जायचं ठरलं. चड्डीवरून तासभर घासाघीस झाली, शेवटी आत काळी लेगिंग घालून वर चड्डी, असा तह झाला. पोरीला तो पटला नव्हता, तोंड पाडून बसली होती. वहिनींनी संमतीपत्र घेतलं आणि बचत गटात शिकलेली सही, एकेक अक्षर जोडत, केली.

पहाटेची एस.टी. होती. वहिनी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून स्टँडवर आल्या. सरांना तीनदा सांगितलं, मला चारदा.

अमरावतीला आमच्या मुली पहिलाच सामना हरल्या, ३-०. बल्गेरियानं आपल्याला हरवलं होतं तेवढ्यानंच, मी मनात म्हटलं. समोरच्या मुलींच्या पायात खिळ्यांचे बूट होते, आमच्या दोघी तर चिखलात नुसत्या घसरतच होत्या. एकदा मात्र आमची पोरगी दोघींना चकवून एकटीच पुढे गेली. मी ओरडत उभी राहिले, पर्स खाली पडली. चेंडू खांबाला लागून बाहेर.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. कारंजा गेलं तरी बोलली नाही. मग एकदम वळून म्हणाली, "काकू, त्या बाला देवीचा नंबर किती होता तिकडं?"

"दहा."

"माह्या बनियनवर चौदा आहे. सर बदलून देतील का?"