बुजरा घोडा आणि व्हेटचा स्टेथोस्कोप

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

कॅलिफोर्नियात १९५५ साली टेव्हिस कप नावाची एन्ड्युरन्स राइड सुरू झाली. डोंगरातून १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, आणि वेळ फक्त २४ तास. वाटेत ठिकठिकाणी व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, घोडा तपासतात. ते ‘नाही’ म्हणाले की राइड तिथेच संपली.

पहिला प्रश्न नाडीचा. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. धावून आलेल्या घोड्याचे ठोके ठरलेल्या वेळात उतरावे लागतात, बहुतेक राइड्समध्ये ६० किंवा ६४ पर्यंत. आता गंमत बघा. घोडा दमला म्हणून ठोके वाढलेत की अनोळखी माणूस अंगाला हात लावतोय म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणजे दमदार पण बुजरा घोडा पायात जोर असूनही बाद होऊ शकतो!

म्हणून ही तयारी घरीच करायची, राइडच्या कितीतरी आठवडे आधी. स्टेथोस्कोप लागतो डाव्या कोपराच्या मागे, तंगाच्या जागेजवळ. आधी तिथे रोज नुसता हात ठेवा. घोडा क्षणभर स्थिर राहिला की लगेच हात काढा. हे ‘लगेच’ फार महत्त्वाचं आहे, कारण शांत उभं राहिलं की त्रास थांबतो, हे घोड्याला त्यातूनच कळतं. तो हलत असताना हात काढलात, तर उलटाच धडा शिकेल. मग थंडगार स्टेथोस्कोप लावा. मग ओठ उचलून हिरडी दाबा (रंग साधारण दोन सेकंदांत परत येतो का, हे व्हेट बघतात), मानेची कातडी चिमटीत धरा. आतड्यांचा आवाज ऐकायला कुशीला स्टेथोस्कोप लावतात. तिथे गुदगुल्या होणारे घोडे बरेच असतात, त्यामुळे तिथे घाई नको. तुमच्या हाताची सवय झाली की मित्रांना बोलवा. टोपीवाला, दाढीवाला, मोठ्याने बोलणारा, सगळे चालतील.

दुडक्या चालीचा सरावही हवा. काही ठिकाणी नाडी मोजतात, घोडा १२५ फूट दुडकत नेऊन परत आणायला लावतात आणि दुडकायला सुरुवात केल्यापासून एका मिनिटाने पुन्हा मोजतात. दोर ताणून ओढावं लागलं तर घोडा चिडतो, आणि लंगडतोय का हेही नीट दिसत नाही.

सोबतीचा घोडा पुढे गेला की काहींचे ठोके उडी मारतात. अशा वेळी त्याला शेजारीच उभा ठेवायला सांगा.

शांत करणारं औषध? अजिबात नाही. त्यावर बंदी आहे, आणि खरोखर दमलेला घोडा व्हेटच्या नजरेतून सुटला तर जिवावर बेततं.

राइडच्या दिवशी तंग सैल करा, पाणी पाजा, मानेवर पाणी ओता. रांगेत लागण्याआधी नाडी स्वतः मोजा. ती उतरली असेल तरच पुढे व्हा.